साठ नंबरच्या रस्त्याची दोन टोकं

लॉस एंजेलिसच्या पूर्वेकडच्या मोरेनो व्हॅलीतल्या त्या घरात मी पाऊल टाकलं, तशी ताईने माझ्यामागे दार लावून घेतलं आणि टाचा उंचावून चौकटीच्या अगदी वरच्या कडेला बसवलेली कडी सरकवली. हात पोचेना म्हणून ती क्षणभर दाराला रेलली. खाली नेहमीचं कुलूप होतंच. वरची कडी दोन्यांसाठी, म्हणजे ताईच्या आईसाठी. त्यांची नजर तेवढी वर जात नाही आणि गेलीच तरी हात पोचत नाही. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. डिमेन्शिया झालेल्या माणसाचं घर निर्धोक कसं करायचं हे सांगणं माझ्या कामातच येतं, आणि अशी कडी बसवून घ्या हे मी स्वतः कितीतरी घरांत सांगितलं आहे. तेव्हा कडीत वावगं काहीच नव्हतं. मनात रुतून बसलं ते ताईचं पुढचं वाक्य. "तिकडे आमचं दार दिवसभर उघडंच असायचं, आठवतं ना?" एवढं बोलून ती कॉफी टाकायला वळली. मला आठवत होतं. परतताना साठ नंबरच्या फ्रीवेवर ट्रकांच्या रांगेत अडकले तेव्हाही तेच डोक्यात घोळत राहिलं. आई तीच, लेक तीच, आजारही तोच. मग तिकडे कधी न लागलेली कडी इकडे का लागते?

तिकडे म्हणजे बॉइल हाइट्स. लॉस एंजेलिसच्या डाउनटाउनमधून नदीवरचा पूल ओलांडला की लागते ती वस्ती. शंभरातले नव्वदहून जास्त लोक लॅटिनो, त्यातही बहुतेक मेक्सिकोतून आलेले किंवा त्यांची मुलं-नातवंडं. नाशिकहून शिकायला आले तेव्हा कॉलेज जवळ आणि भाडं परवडणारं म्हणून मी तिथे जागा घेतली. एकाच प्लॉटवर दोन घरं होती. पुढच्या घरात ताई आणि तिची आई, मागच्या अंगणातल्या दोन खोल्यांत मी. नावं मी इथे लिहीत नाही. आईंना अख्खी गल्ली आदराने दोन्या म्हणायची, मीही म्हणायला लागले. लेक माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी. तिला मी मनात ताई म्हणायचे, तेच इथे लिहिते. सकाळी खिडकीतून दालचिनी घातलेल्या कॉफीचा वास यायचा, मग लादी पुसायच्या जांभळ्या फाबुलोसोचा. मे महिन्यात जॅकरांडाची फुलं फुटपाथवर पडून चपलांना चिकटायची. पहिल्याच थंडीत मला सर्दी झाली तेव्हा दोन्या विक्सची बाटली घेऊन आल्या आणि काही न विचारता माझ्या तळपायांना विक्स चोळून वर मोजे चढवून गेल्या. आमच्या घरी आजीही हेच करायची. माझी स्पॅनिश तेव्हा मोडकीतोडकी होती, पण त्या दिवसापासून मला त्या घरात परकं वाटलं नाही.

दोन्यांचं विसरणं तेव्हा सुरू झालेलं होतं. घरात त्याला कुणी आजार म्हणत नव्हतं. वय झालं, नर्व्हिओस आहेत, म्हणजे जिवाला घोर लागतो, नवरा गेल्यापासून मन लागत नाही, अशी कारणं होती. रोज दुपारचे चार वाजत आले की त्या अस्वस्थ व्हायच्या. चौकड्यांचा एप्रन, खिशात जपमाळ, आणि त्याच खिशाच्या आत ताईने शिवून टाकलेली, फोन नंबर लिहिलेली कापडी पट्टी. मुलांना शाळेतून आणायचं म्हणून त्या बाहेर पडायच्या. मुलं म्हणजे ताई आणि तिचे दोघे भाऊ. थोरल्याचे केस पांढरे झाले होते. दिवस कलायला लागला की डिमेन्शियाच्या माणसाची घालमेल वाढते, हे मी तेव्हा वर्गात नुकतंच शिकत होते. त्यावर काय करायचं असतं ते मात्र मला गल्लीत दिसलं.

शाळेच्या कोपऱ्यावर मुलांना रस्ता ओलांडून देणारी, हातात लाल पाटी धरलेली एक बाई असायची. दोन्या येताना दिसल्या की ती पाटी काखेत मारायची आणि सांगायची, आज मुलं मावशीबरोबर गेली, दोन्या, तुम्ही उगाच आलात उन्हातून. दोन्यांचा चेहरा सैल पडायचा. "बरं झालं," म्हणून त्या वळायच्या. वळल्या की बेकरी लागायची. तिथल्या मुलीला ठाऊक होतं की यांना खुर्ची द्यायची, गोड पाव अर्धाच द्यायचा, कारण साखर आहे, आणि कॉफीत दूध जास्त घालायचं. बेकरीतून त्या उलट दिशेला निघाल्याच तर टायरच्या दुकानातला पोरगा हात पुसत बाहेर यायचा आणि म्हणायचा, चला, मलाही तुमच्याच बाजूला जायचंय. हे कुणी ठरवून वाटून घेतलेलं नव्हतं. ताईने कुणाला विनंती केल्याचंही मला माहीत नाही. ती रात्री डाउनटाउनच्या ऑफिसांत साफसफाईला जायची, पहाटे येऊन आईचं आवरायची आणि दुपारी तीन ते पाच झोपायची. दिवसातली सगळ्यात वाईट वेळ चारची, आणि नेमकी तेव्हा ही बाई गाढ झोपलेली असायची, दार सताड उघडं टाकून.

जेम्स रोहास नावाचे एक नगररचनाकार आहेत, पूर्व लॉस एंजेलिसमध्येच वाढलेले. १९९१ साली एमआयटीमध्ये प्रबंध लिहिताना त्यांनी अभ्यासासाठी स्वतःचीच वस्ती घेतली. बाहेरचा माणूस या गल्ल्यांत आला की त्याला प्रत्येक घरापुढचं जाळीचं कुंपण दिसतं आणि वाटतं, लोक एकमेकांना घाबरून राहतात. रोहास यांना दिसलं ते वेगळंच. अमेरिकन उपनगरात घरापुढची हिरवळ नुसती बघायची असते, तिच्यावर कुणी बसत नाही. इथे कुंपण घातल्यामुळे ती जागा अंगण झाली. कुंपणाच्या आत खुर्च्या आल्या, मुलांची सायकल आली, बाहेरून जाणारा माणूस जाळीवर कोपर टेकून पंधरा मिनिटं बोलत उभा राहायला लागला. मी हे फार उशिरा वाचलं, पण वाचताना प्रत्येक कुंपण डोळ्यांपुढे आलं. आमच्या समोरच्या घरातली सेन्योरा सकाळपासून जाळीमागे बसून नोपालचे, म्हणजे भाजीच्या निवडुंगाचे, काटे काढत असायची. सुरी चालू, नजर रस्त्यावर. दोन्या डावीकडे गेल्या की उजवीकडे, हे तिला विचारलं की कळायचं.

कॅलिफोर्नियात घरच्या माणसाने आई-वडिलांची सेवा केली तर सरकार त्याचा पगार देतं, ही मला या राज्यातली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते. आयएचएसएस म्हणतात त्या योजनेला. काउंटीची समाजसेविका घरी येते, आंघोळ, जेवण, औषधं, कपडे असं एकेक विचारते आणि महिन्याचे तास मंजूर करते. फार तर २८३ तास. महिना ७२० तासांचा असतो. डिमेन्शियामुळे माणसाला क्षणभरही एकटं सोडता येत नाही असं ठरलं, तर देखरेखीचे तास मिळतात, पण मग एक वेगळा फॉर्म भरावा लागतो: उरलेल्या वेळात, चोवीस तास, आईजवळ कोण असणार? ताईचा तो फॉर्म आम्ही दोघींनी तिच्या स्वयंपाकघरातल्या प्लॅस्टिकच्या टेबलक्लॉथवर भरला. तिने स्वतःचं नाव लिहिलं, धाकट्या भावाचं लिहिलं, रात्री झोपायला येणाऱ्या कोमाद्रेचं, म्हणजे जिवाभावाच्या मैत्रिणीचं, लिहिलं. मग पेन थांबलं. शाळेच्या कोपऱ्यावरच्या बाईचं नाव कुठल्या रकान्यात लिहिणार? बेकरीतल्या मुलीचं? तिचं आडनावसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं.

लॅटिनो वृद्धांना अल्झायमर होण्याचं प्रमाण गोऱ्या वृद्धांच्या दीडपट आहे, असं इथली अल्झायमर असोसिएशन सांगते. तरीही, गरिबी असून, विमा नसून, कष्टात आयुष्य जाऊन, मेक्सिकन माणसं अपेक्षेपेक्षा जास्त जगतात, हे कोडं संशोधकांना १९८०च्या दशकापासून पडलेलं आहे. १९९३-९४ पासून पाच राज्यांतल्या पासष्टीपुढच्या ३,०५० मेक्सिकन-अमेरिकन लोकांचा एक दीर्घ अभ्यास सुरू झाला. त्या माहितीवरून टेक्सासमधल्या संशोधकांनी २००४ साली दाखवलं की ज्या वस्तीत मेक्सिकन लोकांची दाटी जास्त, तिथे वृद्धांचे मृत्यू कमी, पक्षाघात कमी, खुब्याची हाडं मोडणंही कमी. वस्ती गरीब असली तरी. बार्योचा, म्हणजे अशा वस्तीचा फायदा, असं नाव त्याला पडलं. मला हे वाचून आनंद झाला आणि लगेच अस्वस्थही वाटलं. हे आकडे दोन्यांचे आहेत. ताई त्यात कुठे आहे? दोन्यांचं आयुष्य वाढलं ते कुणाच्या झोपेतून, कुणाच्या पाठीतून, कुणाच्या चुकलेल्या तपासण्यांतून वाढलं?

आणि त्या वस्तीला मी देव्हाऱ्यात बसवू इच्छित नाही.

चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या, आधीपासूनच तिथे रात्री फटाके सुरू होतात. आपल्या दिवाळीतल्या सुतळी बॉम्बची सवय असलेल्या मलाही ते असह्य व्हायचे. दोन्यांना ते फटाके आहेत हे लक्षात राहायचं नाही. त्या बाथटबमध्ये जाऊन बसायच्या, गुडघे पोटाशी घेऊन, आणि ताई टबाच्या कडेवर बसून त्यांच्या कानांवर आपले तळहात धरायची. एक आवाज झाला की दोघी एकदमच दचकायच्या. शनिवारी मागच्या शेजाऱ्यांकडे बांदा, म्हणजे मेक्सिकन बँडबाजाचं संगीत, लागायचा तो रात्री दोनपर्यंत. ट्यूबाचा आवाज जमिनीतून पलंगात यायचा. मध्येच डोक्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर, त्याचा प्रकाशझोत पडद्यावरून फिरायचा आणि दोन्या विचारायच्या, कोण आलंय? सगळ्यांच्या ओळखी होत्या म्हणून आवाज कमी करा असं सांगायला जाणं सोपं असेल असं वाटतं ना? उलट होतं. बेकरीतल्या मुलीच्या मामाकडे जाऊन कोण कशाला सांगेल? ज्यांच्यावर दिवस काढायचा त्यांच्याशी रात्री भांडता येत नाही.

हवेचंही सांगायला हवं. १९३९ साली सरकारी गृहकर्ज संस्थेच्या नकाशात बॉइल हाइट्स लाल रंगाने रंगवलं गेलं. तेव्हा तिथे ज्यू होते, जपानी होते, मेक्सिकन होते, रशियन होते, आणि एवढी सरमिसळ हाच त्या वस्तीचा दोष ठरवला गेला. लाल वस्तीला कर्ज मिळत नसे. पुढे फ्रीवे काढले गेले ते याच वस्तीवरून. पाच फ्रीवे तिथे एकमेकांत गुंततात. होलेनबेक पार्क हे एकोणिसाव्या शतकातलं सुंदर तळं, त्याच्या एका कडेवरून पाच नंबरचा फ्रीवे थेट पाण्यावर खांब रोवून गेला आहे. दोन्यांना तिथे फिरायला आवडायचं. गाड्यांची अखंड घरघर ऐकून त्या म्हणायच्या, पाऊस चांगला झालाय वाटतं, नदी किती भरलीय. मेक्सिकोतल्या साकातेकासमधल्या त्यांच्या गावच्या नदीबद्दल बोलायच्या त्या. मी मान डोलवायचे. द लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने २०२० साली डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींच्या यादीत वायुप्रदूषण घातलं. एकाकीपणा त्या यादीत आधीपासून होता. म्हणजे ज्या वस्तीने दोन्यांना एकटं पडू दिलं नाही, त्याच वस्तीची हवा त्यांनी चाळीस वर्षं छातीत भरून घेतली होती. जवळच व्हर्ननमध्ये बॅटऱ्या वितळवण्याचा कारखाना होता, तो २०१५ साली बंद झाला, पण त्यातलं शिसं आजूबाजूच्या हजारो घरांच्या मातीत उतरलेलं होतं. अंगणात भाजी लावायची की नाही हा प्रश्न त्या गल्ल्यांत आईच्या औषधांइतकाच रोजचा होता.

तिसरी गोष्ट सांगताना मला जपून बोलावंसं वाटतं. गल्लीची नजर आईवर असते तशी लेकीवरही असते. "किती गुणी लेक आहे!" हे ताई दिवसातून अनेकदा ऐकायची. चर्चमध्ये, लॉन्ड्रोमॅटमध्ये, बेकरीत. ऐकताना ती हसायची. एकदा मी दोन्यांसाठी डे-सेंटरची माहिती आणून दिली. सकाळी व्हॅन घ्यायला येते, दुपारी आणून सोडते, तिथे लोटेरिया खेळतात, जेवण मिळतं, मेडि-कॅल या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्यात सगळं बसतं. ताईने कागद नीट घडी घालून मायक्रोवेव्हवर ठेवला आणि म्हणाली, व्हॅन दारात आली की सगळे बघतील. त्या एका वाक्यात तिची किती वर्षं गेली असतील! भाऊ रविवारी मांस आणि बिअर घेऊन यायचे, अंगणात शेगडी पेटवायचे, आईच्या हातात हात घेऊन गाणी म्हणायचे, आणि गल्ली म्हणायची, किती एकोप्याचं घर. भावांना आईबद्दल माया नव्हती असं मुळीच नाही. पण सोमवारी सकाळी ओली चादर बदलायला कोण आहे हे कुणी विचारत नव्हतं, कारण उत्तर सगळ्यांनाच पटलेलं होतं. नाशिकला पंचवटीत माझ्या काकूने आजीचं सगळं केलं, तेव्हाही "सून असावी तर अशी" हे वाक्य येता-जाता कानावर पडायचं. काकूच्या गुडघ्यांचं ऑपरेशन आजी गेल्यानंतर झालं. त्याआधी तिने ते दुखतात असंही कुणाला सांगितलं नव्हतं.

शिवाय, गल्लीने इतकं सांभाळून घेतलं की आजार किती पुढे गेलाय हे घरात कुणाला कळलंच नाही. दोन्या बेकरीत सुटे पैसे मोजू शकत नव्हत्या, पण मुलगी त्यांच्या पाकिटातून हवं तेवढं काढून घ्यायची. रस्ता चुकायच्या, पण चुकल्यासारखं वाटायच्या आत कुणीतरी वळवून आणायचं. डॉक्टरांनी ताईला विचारलं, आई एकट्या बाहेर जातात का? ताई म्हणाली, हो, रोज. घरी परत येतात का? हो, रोज. ती खरंच बोलत होती. डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलं. निदान व्हायला त्यामुळे किती काळ जास्त गेला ते सांगता येणार नाही, पण गेला.

कोव्हिड ओसरल्यावर प्लॉट विकला गेला. मी तोवर नोकरी लागून दुसरीकडे राहायला गेले होते, येणं-जाणं मात्र होतं. तिथली जुनी घरं भाडेनियंत्रणात येतात. १९७८च्या ऑक्टोबरआधी बांधलेल्या अशा दुहेरी घरांतून भाडेकरूला सहजासहजी काढता येत नाही. म्हणून नवा मालक पैसे देऊ करतो, किल्ली द्या आणि पैसे घ्या. कायद्यात बसतं ते. ताईने आयुष्यात एकरकमी पाहिले नव्हते एवढे पैसे होते, आणि त्या पैशांत बॉइल हाइट्समध्ये वर्षभराचंही भाडं निघालं नसतं. थोरला भाऊ मोरेनो व्हॅलीत गोदामात कामाला होता. साठ नंबरचा फ्रीवे बॉइल हाइट्सच्या उशाशी सुरू होतो आणि पूर्वेकडे शंभर किलोमीटरवर मोरेनो व्हॅलीतून जातो. एकाच रस्त्याने सामान गेलं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. मोरेनो व्हॅलीतही बहुसंख्य लोक लॅटिनोच आहेत. भाषा तीच, रविवारची मिस्सा तीच, दुकानात तेच तॉर्तिया. आपली माणसं आपल्यात राहिली की सगळं नीट होतं, असं जे आपण सहज म्हणून टाकतो ते तिथे गेल्यावर टिकत नाही. घर मोठं आहे, दोन बाथरूम आहेत, मागे सिमेंटचं अंगण आहे. घराचं रस्त्याकडचं तोंड म्हणजे गॅरेजचं दार. वसाहतीभोवती मातकट रंगाची उंच भिंत. शाळा आहे, पण सहापदरी रस्त्यापलीकडे. बेकरी गाडीने जायच्या अंतरावर. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, फुटपाथवर सावली नाही. समोरचे, शेजारचे, सगळे गोदामात पाळ्यांनी कामाला जाणारे; पहाटे तीनला गॅरेज उघडतं, गाडी जाते, गॅरेज बंद होतं. २०१५ साली या गावाने चार कोटी चौरस फुटांच्या गोदाम-संकुलाला मंजुरी दिली, यावरून तिथला कारभार कशाभोवती फिरतो ते कळावं. ट्रकांचा धूर तिथेही आहेच. बॉइल हाइट्समध्ये धूर होता आणि माणसं होती. इथे धूर आहे.

चार वाजले की दोन्या इथेही मुलांना आणायला निघतात. पहिल्याच महिन्यात त्या भिंतीला लागून चालत चालत वसाहतीच्या फाटकाबाहेर गेल्या. ज्यांनी पाहिलं त्यांनी पोलिसांना फोन केला, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. अनोळखी बाई, एप्रन घातलेली, भर उन्हात. पोलिसांची गाडी दारात आली तेव्हा ताईला आधी वाटलं, आई गेली. मग वाटलं, आता काउंटीवाले आईला घेऊन जाणार. त्या रात्री थोरल्याने कडी बसवली. ताईची साफसफाईची नोकरी अंतरामुळे सुटलीच होती. आता ती घरात असते, दिवसभर. आयएचएसएसची केस नव्या काउंटीकडे गेली, समाजसेविका नवी, फॉर्म तोच. मी गेले तेव्हा तो फ्रिजवर चुंबकाने लावलेला होता. चोवीस तासांच्या सगळ्या ओळींत एकच नाव होतं.

तिचं वजन वाढलंय, रक्तदाबाची गोळी सुरू झालीय, रात्री दोन्या उठल्या की ती उठते आणि मग झोप लागत नाही. हे तिने मला बटाटे सोलता सोलता सांगितलं. आणि त्याच दमात हेही सांगितलं की इथे आल्यावर तिने दोन्यांना डे-सेंटरला पाठवायला सुरुवात केली आहे, आठवड्यातून दोन दिवस. व्हॅन येते, कुणी बघत नाही. ते दोन दिवस ती सोफ्यावर झोपते, एकदा तर नुसती रडली, मोठ्याने, कुणी काय झालं म्हणून विचारायला आलं नाही आणि तिला त्याचं बरं वाटलं. "तिकडे रडले असते तर संध्याकाळपर्यंत सात पातेली पोसोले आलं असतं," ती म्हणाली. पोसोले म्हणजे मक्याचा आणि मांसाचा रस्सा. मला तिच्या चेहऱ्यावरून कळेना की तिला पोसोले हवं होतं की नको होतं. दोन्ही असावं. बोलता बोलता तिने सोललेला बटाटा पुन्हा हातात घेतला आणि त्यावरून परत साल काढायची सुरी फिरवली.

अर्व्हाइनकडे राहणाऱ्या माझ्या एका मराठी मैत्रिणीच्या सासऱ्यांना हाच आजार आहे. घर सुंदर आहे, झाडं कापून-छाटून ठेवलेली, फिरायला मार्ग आखलेले. गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमाला दोनशे मराठी माणसं भेटतात. पण मंगळवारी दुपारी चार वाजता सासरे दाराबाहेर पडले, तर त्यांना नावाने हाक मारणारं त्या रस्त्यावर कुणीही नाही. सासरे रोज "जरा पारावर जाऊन येतो" म्हणतात. त्या घरातही आता कडी आहे.

बॉइल हाइट्सची ती गल्ली तरी आता जशीच्या तशी राहिली आहे का? जून २०२५मध्ये लॉस एंजेलिसमध्ये इमिग्रेशनच्या धाडी सुरू झाल्या तेव्हा मी समोरच्या सेन्योरांना भेटायला गेले होते. दुपारची वेळ, आणि रस्ता रिकामा. कापलेल्या फळांवर तिखट-मीठ घालून देणारी छत्रीची गाडी नाही, तमालेवाली नाही, जाळीमागे खुर्च्या होत्या पण त्यांत माणसं नव्हती. स्वतः सेन्योरा नागरिक आहेत, तरी त्या आत बसल्या होत्या, पडदा ओढून. त्यांच्या शेजारच्या घरातली बाई नवऱ्याला सांभाळते, त्याला पार्किन्सनमधून आलेला डिमेन्शिया आहे; ती औषधं आणायलाही बाहेर पडेना, कारण तिच्याकडे कागद नाहीत. त्याला तर रोज दोनदा कोपऱ्यापर्यंत चालवायची सवय. चालायला नेलं नाही की तो दार बडवायचा. सेन्योरा म्हणाल्या, आता मी त्याला नेते, पण मी ब्याऐंशी वर्षांची आहे, तो पडला तर मी त्याला उचलणार कशी? रस्त्यावरची डोळस माणसं एका आठवड्यात घरात ढकलली गेली की तो भार कुणाच्या अंगावर येतो, हे त्या दिवशी मला त्या खोलीत बसून दिसलं आणि आजही ते आठवलं की संताप येतो. चाळीस-पन्नास वर्षं लागली होती त्या गल्लीला तशी व्हायला.

म्हणून मला वाटतं, डिमेन्शियाच्या घरात गेल्यावर लेकीला "तुम्ही स्वतःची काळजी घ्या" एवढंच सांगून निघणं पुरेसं नाही. मीही ते वाक्य खूप वेळा बोलले आहे. आता मी आधी रस्ता बघते. दारातून बाहेर पडल्यावर किती पावलांवर पहिलं ओळखीचं माणूस भेटतं? बसायला कट्टा आहे का? बॉइल हाइट्समधल्या एव्हरग्रीन स्मशानभूमीभोवतीचा फुटपाथ उखडलेला होता. तिथे चालणाऱ्या शेजाऱ्यांनीच मागणी लावून धरली आणि २००३ साली महापालिकेने त्यावर रबराचा मार्ग केला. आज तिथे संध्याकाळी किती लेकी आपल्या आयांना हाताला धरून चालवतात! त्या चालण्याने आई थकते, रात्री झोपते, आणि लेकही झोपते. दवाखान्याचं कुठलंही बजेट त्यात नव्हतं. भाडेनियंत्रण, सावलीचं झाड, कोपऱ्यावर लाल पाटी घेऊन उभी राहणारी बाई, फळांची गाडी लावायचा परवाना, हे सगळं मला आता आरोग्यखात्यातलं वाटतं.

ताईला परत यायचंय. शहराच्या घरभाडे-अनुदानाची यादी २०२२ साली उघडली तेव्हा सव्वादोन लाखांच्या आसपास अर्ज आले आणि सोडतीत ३०,००० नावं निघाली. तिचं निघालं नाही. त्यामुळे आम्ही आपल्या परीने शोधतोय. ती फोनवर, मी सुट्टीच्या दिवशी पायी. तिच्या अटी मोजक्या आहेत. तळमजला हवा, कारण दोन्यांना जिना जमत नाही. शाळेच्या बाजूची गल्ली हवी. फटाके चालतील, बांदाही चालेल. आणि डे-सेंटरची व्हॅन दारात आली तर येऊ दे, हे तिने या वेळी स्वतःहून सांगितलं. गेल्या रविवारी मी पाहिलेल्या जागांपैकी एक तिसऱ्या मजल्यावर होती, एक गॅरेज होतं आणि त्याला खिडकी नव्हती, आणि एक चांगली होती, बेकरीपासून दोन घरं सोडून, तिचं भाडं ताईच्या आयएचएसएसच्या अख्ख्या पगाराहून जास्त. घरमालकीण म्हातारी आहे, तिथेच राहते. मी तिला दोन्यांचं नाव सांगितलं. ती म्हणाली, ती एप्रनवाली? मुलांना आणायला जायची ती? भाडं कमी करायचं तिने कबूल केलेलं नाही, मुलाशी बोलून सांगते म्हणाली आहे.